रोजच्या कामाचं पेन कसं निवडावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न रोज हाताने लिहिणाऱ्यांचे आहेत. वह्या तपासणारे शिक्षक, रजिस्टर भरणारे कारकून, पावत्या फाडणारे दुकानदार, केसपेपर लिहिणारे डॉक्टर, टिपणं काढणारे वकील. कपाटात मांडून ठेवायची पेनं इथे धरलेली नाहीत. दिवसभर खिशात राहणारं आणि सही मागितली की पहिल्या फटक्यात उमटणारं पेन धरलं आहे.

रोजच्यासाठी एकच पेन ठरवायची गरज आहे का? हाताशी येईल त्याने लिहिलं तर काय बिघडतं?

अक्षर बिघडतं आणि हात दमतो. प्रत्येक पेनाला लागणारा दाब वेगळा, धरायचा कोन वेगळा, जाडी वेगळी. सकाळी एक, दुपारी दुसरं असं चाललं की बोटांना दर वेळी नव्याने जुळवून घ्यावं लागतं. जाड जेल पेनाने केलेली स्वतःची सही आणि बारीक बॉलपेनाने केलेली सही शेजारी ठेवून पाहा. दोन्ही एकाच माणसाच्या वाटत नाहीत. ज्यांच्या सहीवर पैसे हलतात, त्यांनी तरी पेन ठरवावंच.

माझा सल्ला असा की एकाच प्रकारची दोन पेनं ठेवावीत. एक खिशात, एक ड्रॉवरमध्ये. पहिलं हरवलं तरी काम थांबत नाही आणि हातही बिचकत नाही.

निवड सुरू कुठून करायची? ब्रँड, किंमत की लिहायला मऊ लागतं ते?

कागदापासून. तुम्ही दिवसभर कशावर लिहिता हे आधी पाहा, मग पेनाकडे या. बहुतेक लोक उलट करतात: दुकानातल्या गुळगुळीत पॅडवर पेन सुरेख चालतं म्हणून घेतात आणि कार्यालयातल्या खरखरीत रजिस्टरवर तेच पेन रुसतं.

कागदाचं वजन जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कागद किती ग्रॅम भरतो ते. झेरॉक्सचा कागद साधारण ७० ते ८० जीएसएमचा असतो, स्वस्त वह्यांचा त्याहून हलका, ५० ते ६० च्या आसपास. हलक्या, सच्छिद्र कागदावर पातळ शाई फुटते. अक्षराच्या कडेला केसासारखे तंतू पसरतात आणि पानामागे डाग उमटतात. असल्या कागदावर जेल किंवा शाईचं पेन घेऊन बसलात तर मागची बाजू वाया जाते. तिथे बॉलपेनच बरं.

पावतीपुस्तक, चलन, बिलबुक यांत खाली कार्बन असेल तर विचारच नको. बॉलपेन दाबून चालतं, म्हणून खालची प्रत उमटते. जेल किंवा फाउंटन पेन दाबलं तर टोक बिघडतं आणि प्रत कोरी राहते. गुळगुळीत छापील फॉर्म, फोटोची मागची बाजू, चकचकीत कार्ड असल्या पृष्ठभागावर मात्र जेलची शाई मुरतच नाही, वरच राहते आणि बोट लागलं की फासते. तिथेही बॉलपेन.

बॉलपेन, जेल, रोलर, फाउंटन यांत नेमका फरक काय?

फरक शाईत आहे. बाहेरून चारही सारखी दिसली तरी आत चार वेगळे स्वभाव आहेत. फाउंटन पेनाचं पुढे वेगळं सांगितलं आहे, आधी बाकीची तीन.

बॉलपेनची शाई तेलकट आणि घट्ट. टोकाशी एक बारीक गोळी असते, ती कागदावर फिरते आणि मागची शाई पुढे आणते. लास्लो बिरो या हंगेरियन पत्रकाराने छापखान्याची शाई झटपट वाळते हे पाहिलं. पण ती इतकी घट्ट की निबमधून उतरेना. त्यातून गोळीची युक्ती आली आणि १९३८ मध्ये त्याने पेटंट घेतलं. पुढे फ्रान्समधल्या मार्सेल बिक यांनी १९५० मध्ये बिक क्रिस्टल बाजारात आणलं आणि बॉलपेन सगळ्यांच्या परवडीत आलं. तेलकट शाईचे गुण आजही तेच आहेत: लगेच वाळते, कागदात फार मुरत नाही, पाण्याने सहज जात नाही, टोपण उघडं राहिलं तरी सुकत नाही, आणि एक रिफिल महिनोन् महिने पुरते. दोष एकच, पण मोठा: दाब द्यावा लागतो.

जेलची शाई पाण्यावर आधारलेली. स्थिर असताना घट्ट, गोळी फिरली की पातळ होणारी. ओसाकाच्या साकुरा कंपनीने ही शाई १९८४ मध्ये आणली. अक्षर गडद, ठसठशीत येतं, हात हलका चालतो. पण शाई भराभर संपते. बॉलपेनची रिफिल एक-दोन किलोमीटर रेघ ओढते, तिथे जेलची त्याच्या निम्म्यालाही बऱ्याचदा पोचत नाही. वाळायलाही क्षणभर जास्त लागतो.

रोलर म्हणजे गोळीचं टोक, पण आत फाउंटन पेनासारखी पातळ शाई. पायलट व्ही-५ आणि व्ही-७ ही आपल्याकडची ओळखीची उदाहरणं. लिहायला फार सुखद. पण हलक्या कागदावर फुटतात आणि ओल्या हाताने अक्षर पसरतं.

या तिघांच्या मधली एक जात आहे, तिच्याकडे अजून पुरेसं लक्ष गेलेलं नाही: कमी घट्टपणाच्या तेलकट शाईचं बॉलपेन. युनिबॉल जेटस्ट्रीम हे त्यातलं नावाजलेलं. बॉलपेनसारखं झटकन वाळतं, पण रेघ जेलसारखी गडद आणि हात हलका. मिश्र काम असणाऱ्यांना, म्हणजे थोडं रजिस्टर, थोड्या सह्या, थोडी टिपणं, मी आधी हेच सुचवते. कार्बनची कामं मात्र साध्या बॉलपेनवरच सोडावीत.

टोक ०.५ घ्यावं की ०.७? की १.०?

मराठी लिहिणाऱ्याने हा प्रश्न इंग्रजी लिहिणाऱ्यापेक्षा जास्त मनावर घ्यायला हवा. आपली अक्षरं डोक्यावर रेघ, वर मात्रा आणि रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर अशी चहूबाजूंनी भरलेली असतात. ‘वैशिष्ट्य’ किंवा ‘राष्ट्रीयत्व’ नेहमीच्या आखलेल्या ओळीत जाड टोकाने लिहून पाहा. ‘ष्ट्य’ आणि ‘ष्ट्री’ यांचे गोल बुजतात, खालच्या ओळीच्या मात्रा वरच्या ओळीच्या उकारात घुसतात. म्हणून ज्यांचं अक्षर लहान आहे किंवा ज्यांना रजिस्टरच्या अरुंद रकान्यात लिहायचं आहे, त्यांनी ०.५ किंवा ०.६ घ्यावं. मोकळं, मोठं अक्षर असेल तर ०.७. एक मिलिमीटरचं टोक सह्यांपुरतं आणि पाकिटावरच्या पत्त्यापुरतं ठेवावं.

यातली आणखी एक गोष्ट पेनाच्या खोक्यावर कधी छापलेली नसते. देवनागरीत पेन सतत उचलावं लागतं. अक्षर झालं की शिरोरेघ, मग मात्रा, मग अनुस्वार, मग पुढचा शब्द. जे पेन टेकवल्यावर पहिला अर्धा मिलिमीटर कोरा सोडतं, ते इंग्रजीच्या जोडलेल्या अक्षरात खपून जातं. मराठीत मात्र अनुस्वारच गायब होतात. पूर्वीच्या लेखनिकांनाही या उचलण्याचा जाच होता. मोडी लिहिताना आधी सबंध ओळभर रेघ ओढून घ्यायची आणि खाली हात न उचलता अक्षरं गुंफत जायचं, या पद्धतीने वेग साधला जाई. आपण देवनागरीत लिहितो, तेव्हा टेकताक्षणी उमटणारं पेन घ्यायचं.

पारख सोपी आहे. दुकानात कागदावर नुसते टिंब द्या, वीस-पंचवीस, अनुस्वारासारखे हलके. एकही चुकता कामा नये.

एक तपशील: जेलचं ०.५ आणि बॉलपेनचं ०.५ यांची रेघ सारखी येत नाही. आकडा गोळीचा असतो, रेघेचा नसतो. बॉलपेनची रेघ गोळीपेक्षा बरीच बारीक उमटते, जेलची त्यापेक्षा जाड. म्हणून ०.७ बॉलपेनवरून जेलकडे वळताना ०.५ घेऊन बघावं.

शाई निळी की काळी? काळ्या शाईचा चेक चालत नाही असं ऐकलं, ते खरं का?

खरं नाही. रिझर्व्ह बँकेने काळ्या शाईवर बंदी घातल्याचा संदेश २०२५ च्या सुरुवातीला बराच फिरला. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने (पीआयबी) तो खोटा असल्याचं तेव्हाच जाहीर केलं होतं. चेकसाठी रिझर्व्ह बँकेने विशिष्ट रंग ठरवून दिलेला नाही.

जे खरं आहे ते जास्त महत्त्वाचं. आता चेकचा कागद एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जात नाही, त्याची प्रतिमा जाते. त्यामुळे प्रतिमेत स्वच्छ दिसणारी, न पुसली जाणारी गडद शाई हवी. फिकट, चमकदार किंवा पुसट शाई नको. आणि या पद्धतीत चेकवर खाडाखोड चालत नाही. तारखेची मुदत वाढवण्यापुरता अपवाद सोडला तर नाव किंवा रक्कम चुकली की नवा चेक लिहायचा. म्हणून चेक लिहिताना गुठळी सोडणारं पेन कधीच वापरू नये.

एरवीच्या कामाला मी निळी शाई पसंत करते. छापील मजकूर काळा, झेरॉक्स काळी. त्यात निळी सही असली की मूळ प्रत कोणती ते एका नजरेत कळतं. ज्या कागदाच्या पुढे झेरॉक्सवर झेरॉक्स निघणार आहेत त्यावर मात्र काळी बरी, कारण फिकट निळी प्रतीत विरून जाते.

हिरव्या शाईने कोणी लिहावं?

राजपत्रित अधिकाऱ्याची सही हिरवी, अशी आपल्याकडे रूढ समजूत आहे. केंद्र सरकारच्या कार्यालयीन कार्यपद्धतीत मसुदा निळ्या किंवा काळ्या शाईत लिहावा आणि वरच्या पातळीवरच्या दुरुस्त्या वेगळ्या कळाव्यात म्हणून त्या हिरव्या शाईत करता येतात, अशी व्यवस्था आहे. म्हणजे मुळात सोय कोणी काय बदललं हे दिसण्याची. तुमच्या कार्यालयाचं परिपत्रक असेल तर ते पाळा. बाकीच्यांनी अर्ज, फॉर्म, बँक यांत हिरवी आणि लाल टाळावी.

परीक्षेसाठी वेगळं पेन लागतं का?

गोल काळे करायची उत्तरपत्रिका असेल तर सूचना शब्दशः वाचा. यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेत काळं बॉलपेनच चालतं. लांब उत्तरं लिहायची असतील तर ज्याने सराव केला तेच पेन न्यावं, परीक्षेच्या सकाळी नवं फोडू नये.

मतदानाचं विचारणारेही असतात. विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत पसंतीक्रमाचा आकडा लिहायचा असतो, तो केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केच पेनानेच. तिथे खिशातलं लाडकं पेन बाहेर काढू नका, मत बाद होतं.

खोडता येणारं पेन कामाला चालेल का?

कच्च्या टिपणांना छान, सहीला आणि हिशोबाला अजिबात नाही. पायलट फ्रिक्झन आणि त्या धर्तीच्या पेनांची शाई उष्णतेने अदृश्य होते. मागचं रबर घासलं की घर्षणाने तापमान वाढतं आणि साधारण ६० अंश सेल्सिअसला रंग जातो. शाई कागदावरच असते, फक्त दिसत नाही. विदर्भात मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर वही राहिली तर आतलं लिखाण आपोआप कोरं होऊ शकतं. करार, चेक, हजेरी, केसपेपर, पंचनामा यांवर हे पेन टेकवूही नये. समोरच्याने सहीसाठी आपलं पेन पुढे केलं तर ते यातलं नाही ना, एवढं बघून घ्यावं.

दहा रुपयांचं पेन पुरतं का? की महाग घ्यायलाच हवं?

पुरतं. आणि हे मी समजूत घालायला सांगत नाही. स्वस्त बॉलपेनच्या बाबतीत आपला देश फार पुढे आहे. पांढऱ्या अंगाचं, निळ्या टोपणाचं रेनॉल्ड्स ०४५ घेऊन इथल्या पिढ्यांनी पेपर लिहिले. सेलो ग्रिपरच्या रबरी पकडीने घाम येणाऱ्या बोटांची सोय झाली. कोलकात्याच्या लिंकचं पेंटॉनिक दहा रुपयांत सडपातळ, हलकं आणि हातात नीट बसणारं आहे. मुंबईच्या फ्लेअरची, हाउजर नावाने येणारी पेनंही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. यातल्या कोणत्याही पेनाने तुम्ही अख्खं करिअर लिहून काढू शकता.

महाग पेनात पैसे जातात ते धातूच्या अंगाला, खटक्याच्या खात्रीला, वजनाच्या तोलाला. लिखाण रिफिलचं असतं. चारशे रुपयांच्या धातूच्या पेनात कळकट रिफिल असेल तर ते दहा रुपयांच्या पेनापुढे हरतं.

खर्च कधी करावा? दिवसाला तीन-चार पानांहून जास्त लिहीत असाल तर. तेवढ्या लिखाणात पकडीची जाडी आणि वजन मनगटाला जाणवतं. किंवा पेन तुम्ही नीट सांभाळत असाल तर. वारंवार हरवणाऱ्याने स्वस्त पेनांचं पाकीट आणून ठेवावं, त्यात कमीपणा काही नाही.

पेन घेताना लोक हमखास काय विसरतात?

रिफिल. रोजचं पेन ठरवताना मी हाच निकष सगळ्यांत वर ठेवते: त्याची रिफिल घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर मिळते का? परदेशाहून आलेलं भेटीचं पेन, विमानतळावर घेतलेलं देखणं पेन, कंपनीचं नाव कोरलेलं समारंभाचं पेन, ही सगळी पहिली रिफिल संपली की ड्रॉवरमध्ये पडून राहतात. पेन चांगलं असतं, पण त्यात घालायचं काय ते मिळत नाही.

म्हणून विकत घेण्याआधी पेन उघडायला सांगा आणि आतली रिफिल बघा. आखूड, जाड, धातूची किंवा प्लॅस्टिकची, मागे खाचा असलेली रिफिल असेल तर ती बहुधा पार्करच्या मापाची. हे माप जगभर चालतं. पार्कर जॉटर १९५४ पासून आहे आणि त्या मापाच्या रिफिल कितीतरी कंपन्या बनवतात. बॉलपेनचं अंग तेच ठेवून त्याच मापाची जेल रिफिलही घालता येते. मी रोजच्या धातूच्या पेनासाठी याच मापाचा आग्रह धरते.

लांब, बारीक प्लॅस्टिकची रिफिल असेल तर तिची लांबी कंपनीगणिक बदलते. दोन-तीन मिलिमीटर कमीजास्त झाली तरी खटका बसत नाही किंवा टोक डगडगतं. जुनी रिफिल सोबत नेऊन मापाला माप लावूनच नवी घ्या. आणि पसंत पडलेल्या रिफिलचं नाव-नंबर फोनमध्ये लिहून ठेवा. दुकानदाराला ‘ती निळी’ सांगून काही मिळत नाही.

एकदाच वापरून फेकायची पेनं सोयीची खरी. तरीही ज्या पेनात रिफिल बदलता येते ते दोन रुपये जास्त देऊन घ्यावं असं मला मनापासून वाटतं. दर महिन्याला कचऱ्यात जाणारं प्लॅस्टिक तेवढं तरी कमी होतं.

लिहून लिहून हात दुखतो. पेन बदलून फरक पडेल?

बऱ्याचदा पडतो. अंगठा आणि तर्जनी दुखत असतील तर दाब जास्त पडतोय. पानाच्या मागून हात फिरवा. अक्षरं बोटाला उठावदार लागली तर बॉलपेन सोडून जेल, किंवा वर सांगितलेलं कमी घट्ट शाईचं बॉलपेन घ्या. पकड जाड घ्या, बारीक दांडा बोटांना आवळायला लावतो. टोपण मागे लावून लिहिल्याने पेन मागच्या बाजूला जड होत असेल तर टोपण टेबलावर ठेवा. आणि पेन टोकापासून दोन-अडीच सेंटिमीटर मागे धरा. मुंग्या येत असतील, रात्रीही दुखत असेल तर पेनाच्या दुकानात न जाता डॉक्टरकडे जा.

डावखुऱ्यांनी काय घ्यावं?

झटकन वाळणारी शाई. मराठी डावीकडून उजवीकडे जाते, म्हणजे डावखुऱ्याचा हात नुकत्याच लिहिलेल्या ओळीवरून सरकतो. रोलर आणि जाड जेल टाळा. ०.७ चं बॉलपेन सर्वांत निर्धोक. कागद उजवीकडे थोडा कलता ठेवला तर हात ओळीच्या खाली राहतो.

कार्यालयात रोज फाउंटन पेन वापरणं आजच्या काळात शक्य आहे?

शक्य आहे, आणि ज्यांना स्वतःचं अक्षर सुधारायचं आहे त्यांनी तर जरूर वापरावं. निबला दाब लागत नाही. उलट दाबलं तर निबच्या दोन फाका पसरतात. त्यामुळे हात आपोआप सैल होतो आणि अक्षराला वळण येतं.

महाराष्ट्राचं या बाबतीतलं घराणं मोठं आहे. दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांचे बंधू यांनी १९३१ मध्ये मुंबईत शाई बनवायला सुरुवात केली, आधी घोडा छाप, मग उंट छाप, आणि त्यातून कॅम्लिन उभी राहिली. पुढे २०११ मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीने तिच्यात मोठा वाटा घेतला, पण कॅमलची शाईची बाटली अजून शाळेजवळच्या दुकानात मिळते. रोजच्या वापराला ही शाई उत्तम: निबात बसत नाही, स्वस्त आहे, धुतली की निघते. रॉयल ब्लू सुंदर दिसते, पण पाणी पडलं की जाते. दस्तऐवजाला पर्मनंट म्हणून विकली जाणारी घ्या. एक इशारा आवर्जून: चित्रकलेची वॉटरप्रूफ शाई फाउंटन पेनात कधीही भरू नका. ती आत वाळून जिभळी, म्हणजे निबखालची शाई पुढे आणणारी पट्टी, कायमची बंद करते.

पेन कोणतं? सुरुवातीला महाग जर्मन किंवा जपानी घ्यायची गरज नाही. आपल्याकडे हाताने घडवलेली एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची पेनं आहेत. राजमहेंद्रीचं रत्नम, मुंबईचं एअरमेल, चेन्नईचं आसा ही नावं जाणकारांच्या तोंडी असतात. यातली बरीच ड्रॉपरने थेट टाकीत शाई भरायची असतात. खूप शाई मावते, पण त्यांचा एक स्वभाव ओळखून राहावा लागतो. टाकी तळाला गेली की आतली हवा हाताच्या उबेने फुगते आणि शाईचा थेंब टपकन पडतो. म्हणून तीन भागांतला एक भाग उरला की लगेच भरायचं. रोजच्या धावपळीत हे जमणार नसेल तर कार्ट्रिजचं (शाईची तयार नळी बसवायचं) किंवा कन्व्हर्टरचं (शाई ओढून घेणारी नळी असलेलं) पेन घ्या.

निब बारीक घ्या. जपानी ‘फाइन’ युरोपी ‘फाइन’पेक्षा एक पायरी बारीक असते, मराठी अक्षराला आणि आपल्या कागदाला ती जास्त मानवते. महिन्यातून एकदा साध्या थंड पाण्याने पेन धुवा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. गरम पाणी नको. सुट्टीत आठवडे पडून राहणार असेल तर रिकामं करून ठेवा. विमानात निब वर करून उभं ठेवा, आणि टाकी एक तर पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी असू द्या.

पावसाळ्यात कोणतं पेन?

बॉलपेन. दमट हवेत कागद सर्द होतो आणि पातळ शाई जास्तच फुटते. कोकणात किंवा घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर शेतावर, साइटवर, पंचनाम्यावर लिहिणाऱ्यांनी रोलर घरी ठेवावं. जेल हवंच असेल तर रंगकण असलेली, वॉटरप्रूफ लिहिलेली शाई घ्या आणि घरी एक ओळ लिहून, वाळवून, नळाखाली धरून खात्री करा.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहिताना पेन मध्येच का थांबतं?

शाई गोळीपर्यंत पोचते ती गुरुत्वाकर्षणाने. भिंतीवर लिहिताना टोक वर जातं, शाई मागे राहते. दोन-चार आकडे उमटतात, मग रेघ कोरी. दोष पेनाचा नाही. कॅलेंडर खाली काढून लिहा किंवा शेजारी दोरीने पेन्सिल बांधा. दाबाखाली भरलेल्या रिफिलची पेनं उलटी धरूनही लिहितात, फिशर कंपनीचं स्पेस पेन त्यातलंच, पण दुधाच्या हिशोबाला एवढा खर्च कशाला.

खिशात शाई सांडली तर?

फाउंटन पेनाची शाई असेल तर लगेच थंड पाण्याखाली धरा, साबण नंतर. बॉलपेनची असेल तर पाणी निरुपयोगी. डागाखाली जुना कापड ठेवून वरून स्पिरिट किंवा अल्कोहोलचं सॅनिटायझर टिपत राहा, कापड बदलत राहा. चोळू नका, डाग पसरतो. डाग निघेपर्यंत इस्त्री करू नका.

दुकानात पेन पारखायचं कसं?

गोल गोल गिरवून काही कळत नाही, तसं कुठलंही पेन चालतं. आपला कागद घेऊन जा, रोज ज्यावर लिहिता तोच. स्वतःचं पूर्ण नाव लिहा, सही करा, आजची तारीख आकड्यांत लिहा, एक मोठं जोडाक्षर लिहा. मग टिंबं. मग लगेच अंगठा फिरवा आणि फासतं का पाहा. शेवटी पेन तोंड वर करून अर्धा मिनिट ठेवा आणि पुन्हा लिहा. जमलं तर बसून लिहा, काउंटरवर उभ्याने हात वेगळा पडतो. पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटला एका फेरीत पुष्कळ प्रकार हाताळून होतात. मात्र घाऊक पाकीट लगेच घेऊ नका. एकच नग आणा, आठवडाभर वापरा, मग डझन.

कोणी पेन मागितलं तर द्यावं का?

बॉलपेन खुशाल द्या, पण टोपण स्वतःकडे ठेवा. बिनटोपणाचं पेन खिशात घालून कोणी निघून जात नाही. फाउंटन पेन देऊ नका. निब वापरणाऱ्याच्या कोनाला बसलेली असते आणि बॉलपेनची सवय असलेला माणूस ती दाबतोच. मागणाऱ्यांसाठी टेबलावर एक वेगळं पेन ठेवलं की नाही म्हणायची वेळ येत नाही.

चालू असलेलं पेन अचानक बंद पडलं, रिफिल भरलेली आहे. आता?

आधी टोक पाहा. नव्या रिफिलवर मेणाचा बारीक थेंब असतो, तो नखाने काढा. बॉलपेन असेल तर रिफिल दोन तळहातांत धरून चोळा, उबेने शाई सैल होते, आणि मग खोडरबरावर किंवा चपलेच्या रबरी तळाला टोक फिरवा. काडीपेटीने टोक तापवू नका. प्लॅस्टिक वितळतं आणि गोळीची बैठक बिघडते. जेलचं पेन टोकावर पडलं असेल तर आत हवा शिरते आणि शाईच्या मागची तेलकट गुठळी तुटते. रिफिलमध्ये शाईच्या मध्येच मोकळी जागा दिसली तर ती बहुधा गेली, नवी घाला. शाई सलग असेल तर टोपण लावून, टोक खाली करून रात्रभर ग्लासात उभं ठेवा. सकाळपर्यंत बऱ्याचदा सुरू होतं.

फाउंटन पेन असेल तर निबचं टोक ओल्या कापडावर मिनिटभर टेकवा. शाई कापडात उतरली की वाट मोकळी झाली. नाही उतरली तर पेनाचे भाग सुटे करून रात्रभर साध्या पाण्यात ठेवा, सकाळी धुवा, वाळवा आणि ताजी शाई भरा.